कंपनीचा पर डिएम प्लॅन: पाचापैकी अडीच

नवरा इंडियानातल्या ग्रीनवुडहून रीफर, म्हणजे थंड मालाचा ट्रक, चालवतो आणि घरचा हिशोब माझ्याकडे असतो. त्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, नोकरी चालू आहे. पण तिच्या पर डिएम, म्हणजे रोजच्या भत्त्याच्या, प्लॅनबद्दल लिहायलाच हवं, कारण कागदावर ‘टॅक्स-फ्री’ दिसलं की नवे ड्रायव्हर सही करून मोकळे होतात.

पहिली गोष्ट, हे वरचे पैसे नव्हेत. मैलाचा जो दर ठरलाय त्यातलाच तुकडा कंपनी बाजूला काढते आणि त्याला बाहेरगावच्या जेवणाखाण्याचा भत्ता म्हणते. भत्त्यावर कर नाही, त्यामुळे डब्ल्यू-टूच्या, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या दाखल्याच्या, पहिल्या चौकटीत तो येत नाही. आमचा दर मैलाला ६० सेंट. प्लॅन घेतला की ५८, कारण २ सेंट ‘अ‍ॅडमिन फी’. त्या ५८ मध्ये १४ भत्ता आणि ४४ पगार.

महिन्याला १०,००० मैल धरा. भत्ता झाला १,४०० डॉलर. माझा दुकानातला पगार मिळवून आम्ही फेडरल कराच्या १२ टक्क्यांत बसतो. त्यात सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ आणि इंडियानाचे जवळपास ३ घाला (काउंटीचा कर सोडून देते), की १,४०० वर सुमारे ३१७ डॉलर वाचतात. पण फीपायी २०० डॉलर दरातूनच गेले. सगळी वजाबाकी केल्यावर हातात जास्तीचे येतात १६२. अर्धा फायदा फीच्या घशात! बरं, त्या १,४०० वर कंपनीलाही तिच्या वाट्याचे ७.६५ टक्के भरावे लागत नाहीत, म्हणजे तिचे १०७ डॉलर वाचतात ते वेगळेच. पेरोलच्या बाईंना फीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, सगळेच घेतात. यार्डातल्या एकाची जुनी कंपनी एक सेंटही कापत नव्हती, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर फोन होल्डवर.

खरा चटका घराच्या कर्जाच्या वेळी बसला. बँकेनं डब्ल्यू-टूचा आकडा धरला आणि आमची कमाई वर्षाला १६,८०० डॉलरनं कमी भरली. खात्यात पैसे दिसताहेत, तरी बँकेतल्या बाई मान हलवायला तयार नाहीत. म्हातारपणीच्या सोशल सिक्युरिटीचंही तेच. ती सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवर ठरते आणि भत्ता त्या कमाईत मोजला जात नाही. चाळिशीतल्या माणसानं हा विचार आत्ताच करावा.

मग अडीच तरी मार्क का दिले? कारण कंपनी ड्रायव्हरला दुसरा रस्ताच नाही. २०१८ पासून नोकरदाराला बाहेरगावच्या जेवणाचा खर्च स्वतःच्या रिटर्नमध्ये वजा करता येत नाही, आणि २०२५ च्या कायद्यानं ते कायमचंच बंद केलं. प्लॅन नाही घेतला, तर ट्रक स्टॉपवरचं जेवण पूर्णपणे करकापलेल्या पैशातून.

शेजारच्या पाजींचा स्वतःचा ट्रक आहे, त्यांचं गणित निराळं. ‘भाभीजी, हमारा तो शेड्यूल सी में जाता है,’ असं म्हणून ते हसतात, आणि हसणारच. शेड्यूल सी म्हणजे रिटर्नमधला स्वतःच्या धंद्याच्या जमाखर्चाचा फॉर्म. ऑक्टोबर २०२४ पासून कर खात्यानं ठरवलेला जेवणाचा दिवसाचा दर ८० डॉलर आहे, आधी ६९ होता. त्याचे ८० टक्के, म्हणजे ६४ डॉलर, वजा होतात. निघायच्या आणि परतायच्या दिवशी दराचा पाऊण भागच धरायचा. यातून १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट करही उतरतो. जेवणाच्या पावत्या लागत नाहीत, पण रात्री कुठे होतात ते ड्रायव्हरच्या कामाच्या तासांच्या नोंदीवरून, म्हणजे लॉगवरून, दाखवावं लागतं. ट्रकिंग कंपनीला लॉग फक्त सहा महिने ठेवायचं बंधन आहे, म्हणून पाजी दर महिन्याला पीडीएफ काढून ठेवतात. ज्याचं कुठेच घर नाही, ट्रकच घर, अशा पोरांना मात्र यातलं काही मिळत नाही. लांबून परत येण्यासारखं ठिकाणच नसेल तर कर खात्याच्या लेखी तो ‘बाहेरगावी’ नसतोच.

ज्याला पुढच्या दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं नाही आणि ज्याची कंपनी फी कापत नाही, त्यानं प्लॅन जरूर घ्यावा. सही करायच्या आधी मैलाचे दोन्ही दर, प्लॅनसकट आणि प्लॅनविना, कागदावर लिहून मागा. आमच्याकडे वर्षातून एकदाच बदल करता येतो. डिसेंबरात फॉर्म भरून आम्ही बाहेर पडलो. कर्ज मंजूर झालं की पुन्हा बघू, तोवर ते २ सेंट कमी झाले तर.