जुन्या गाडीचं इंजिन बाहेर बांधायला देताय? आधी हे वाचा

गावात राहून, मोजक्या पैशात जुनी गाडी उभी करायला निघालेल्या माणसाला कसं लुटतात, ते इथे जसं घडलं तसं लिहितो आहे. लुटणाऱ्याचं आणि त्याच्या शहराचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. त्याची पद्धत मात्र सगळ्यांना कळायलाच हवी. माझ्यानंतर त्याच्याकडे आणखी इंजिनं गेली आहेत आणि त्यातली काही आपल्याच यवतमाळ-वाशीम पट्ट्यातली आहेत.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. शेत कोरडवाहू, कपाशी आणि तूर. जवळच्या गावातल्या एका निवृत्त डॉक्टरांकडे कॉन्टेसा होती, कित्येक वर्षं कडुनिंबाखाली उभी. लहानपणी ती गाडी रस्त्याने गेली की आम्ही पोरं मागे धावायचो. डॉक्टरांनी ती मला भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात दिली, कागदपत्रांसकट. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्याही त्यांनी स्वतः बसून केल्या. या व्यवहारात कुठेही खोट नव्हती.

कॉन्टेसा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण फसवणुकीचं मूळ यातच आहे. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी 1984 पासून 2002 पर्यंत कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा कारखान्यात बनवली. मूळ बांधणी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, सत्तरच्या दशकातली. लांब बॉनेट आणि मागच्या चाकांना ताकद, म्हणून शौकीन हिला आपल्याकडची मसल कार म्हणतात. सुरुवातीला हिच्यात 1489 सीसीचं जुन्या घडणीचं इंजिन यायचं आणि एवढं जड धूड ओढताना ते दमायचं. पुढे जपानच्या इसुझूचं 1817 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गियर आले, तेव्हा गाडीला खरा जोर मिळाला. माझी गाडी याच इसुझू इंजिनाची. कॉन्टेसाचं उत्पादन बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. नवे सुटे भाग शोरूममध्ये मिळत नाहीत, जे मिळतं ते जुन्या साठ्यातलं किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेलं. त्यामुळे भाग खरंच किती रुपयांचा आणि तो नवा की जुना, हे ताडून पाहायला ग्राहकाकडे काहीच नसतं. ठगाला एवढी फट पुरते.

बॉडीचं काम मी घरीच केलं. गोठ्याची एक बाजू मोकळी केली, दारांचे खालचे काठ आणि डिकीचा तळ कापून नवा पत्रा जोडला. वेल्डिंग मला येतं, आयटीआय केलेलं आहे. चुंबक फिरवून जिथे जिथे ते चिकटलं नाही तिथली जुनी पुट्टी खरवडून काढली. रंगाचा कॉम्प्रेसर भाड्याने आणला. हे सगळं हळूहळू, जसे पैसे येतील तसं होत गेलं आणि त्यात कुणाचं देणं राहिलं नाही.

इंजिनाचं मात्र घरी जमत नाही. ज्यात पिस्टन वर-खाली होतो त्या सिलिंडरचं बोअर करायला, म्हणजे त्याची झिजलेली भिंत आतून कापून सरळ करायला, मशीन लागते. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा, घासायला मशीन लागते. चौकशी करता करता एका ओळखीच्या गाडीशौकिनाने या माणसाचा नंबर दिला. आपण फक्त जुन्या गाड्यांचंच काम करतो, असं तो सांगायचा. पहिल्याच फोनवर तो म्हणाला, "भाऊ, कॉन्टेसा म्हनजे आपली घरची गाडी. पार्ट सारे कलकत्त्याहून बलावतो. तुमी फक्त इंजिन आनून टाका." गाडी बनायची तिकडेच, त्यामुळे कोलकात्याचं नाव ऐकून शंका येत नाही. पिस्टन किटच्या सीलबंद खोक्याचा फोटोही त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. तो फोटो त्याने इतरांनाही पाठवला होता, अगदी तोच, हे मला फार नंतर कळलं.

ठरलं ते असं: चारही सिलिंडर 0.50 मिलिमीटर वाढीव बोअर करायचे, त्या मापाचे नवे पिस्टन आणि त्यांच्याभोवती बसणाऱ्या रिंगा, क्रँक घासून नवे बेरिंग, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याचं फेसिंग (तळ सपाट करणं), व्हॉल्व्हचं काम, सांध्यांतून गळती होऊ न देणाऱ्या गॅस्केटचा सेट. सगळे मिळून 85 हजार. साठ टक्के आधी. मी पक्कं बिल मागितलं, तर म्हणाला, पार्टवर 28 टक्के जीएसटी आहे, उगाच वीसेक हजार कशाला वाढवता. तेव्हा दर खरोखरच 28 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 झाला आहे, पण बोलणारे अजूनही तेच सांगतात. त्याने वहीच्या फाडलेल्या कागदावर नुसता आकडा आणि सही दिली. त्यावर ना कामाचा तपशील, ना इंजिन नंबर.

इंजिन पिकअपमध्ये घालून शहरात नेलं. यानंतर त्याने जे केलं ते नीट लक्षात घ्या. तो दर फोनला आधी विचारायचा, "कापूस विकला का भाऊ?" मला वाटायचं माणूस आपुलकीने चौकशी करतो. चुकारा आला असं सांगितलं की दोन दिवसांत त्याचा फोन: पार्ट ट्रान्सपोर्टला पडले आहेत, एवढे टाका. नाही सांगितलं की महिना-महिना फोन लागायचा नाही. तूर निघाली तेव्हाही हेच झालं. शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी असतो आणि कधी नसतो, याचा हिशोब त्याच्याकडे माझ्यापेक्षा पक्का होता. 85 चे 98 हजार झाले आणि प्रत्येक वाढीला कारण होतं.

मध्ये एकदा काम पाहायला म्हणून मी गेलो. इंजिन ताडपत्रीखाली होतं. "आता बोअरला गेलं व्हतं, कालच आलं, बंद केलं," म्हणाला. मी जुने पिस्टन मागितले. ते भंगारात गेले म्हणे. इथेच मेख आहे. नवे पिस्टन बसवले तर जुने चार पिस्टन बाहेर यायलाच हवेत. जुने बेरिंग, जुन्या रिंगा, सगळं बाहेर यायला हवं. माझे जुने पिस्टन भंगारात गेलेच नव्हते, ते इंजिनातच होते.

शेवटचे पैसे दिल्याशिवाय इंजिन उचलू देणार नाही, असं तो म्हणाला. पुढे वकिलांकडून कळलं की 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे, वस्तूवर मेहनत केलेल्या माणसाला मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क आहे. प्रामाणिक कारागिरासाठी तो हक्क बरोबरच आहे. पण काम काय ठरलं होतं हेच कागदावर नसलं, तर न केलेल्या कामाचे पैसेही त्याच हक्काच्या आडून काढता येतात.

इंजिन घरी आणून बसवलं. रंग नवा, नटबोल्ट चमकलेले. चालू झालं, आवाजही गोड होता. आणि मागून निळा धूर.

त्याची उत्तरं क्रमाने आली आणि प्रत्येक उत्तरात थोडं खरं मिसळलेलं होतं. पहिलं, नव्या रिंगा आहेत, हजार किलोमीटर चालवा, बसतील. रिंगा बसायला वेळ लागतो हे खरं आहे, पण त्या काळात धूर कमी होत जातो, माझा वाढत होता. मग म्हणाला, ऑइल चुकीचं टाकलं. ऑइल बदललं, फरक नाही. शेवटी त्याने पेट्रोलमधल्या इथेनॉलवर ढकललं. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरमधले रबर खराब होऊ शकतात, ही काळजी रास्त आहे. पण निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. त्याचा पेट्रोलशी संबंध नाही. पेट्रोल जास्त जात असेल तर धूर काळा येतो. या उत्तरांमध्ये त्याने तोंडी दिलेली तीन महिन्यांची गॅरंटी संपवली आणि मग नंबर ब्लॉक केला.

इंजिन पुन्हा उतरवलं आणि यवतमाळला एका वयस्क लेथवाल्या चाचांकडे नेलं. त्यांनी हेड माझ्यासमोर उघडलं आणि आधी बोट सिलिंडरच्या आतून वर फिरवलं. वरच्या टोकाला कडा लागत होती. रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत सिलिंडर झिजतो, त्याच्या वर झिजत नाही, म्हणून ही कडा तयार होते. नवं बोअर केलेल्या सिलिंडरला ती नसते, तिथे होनिंगच्या, म्हणजे बोअरनंतर आतून घासल्याच्या, फुलीसारख्या बारीक रेघा दिसतात. माझे सिलिंडर आरशासारखे गुळगुळीत होते. पिस्टनचा माथा रॉकेलने पुसला तर वर एसटीडी कोरलेलं, म्हणजे कंपनीचं मूळ माप. 0.50 वाढीव पिस्टनवर तसा आकडा असतो. या इंजिनाचं मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 84 मिलिमीटरचं. काम झालं असतं तर 84.50 लागायला हवं होतं. चाचांच्या बोअर गेजवर 84 च्या किंचित वर भरलं, आणि तेही वर एक, खाली एक, असं वेडंवाकडं. बेरिंगच्या पाठीवरही एसटीडीच. क्रँकला हात लागलेला नव्हता.

चाचा म्हणाले, "नवी फक्त रिंग हाये अन् गॅस्केट हाये. बाकी सारं घासून-पुसून देल्लं तुमाले. झिजलेल्या सिलिंडरात नवी रिंग कशी बसन?" त्यांच्या अंदाजाने झालेलं काम मजुरीसकट बारा-तेरा हजारांचं. गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटरही बदललेला निघाला. माझ्या अल्टरनेटरवर वायरिंगसाठी केलेली लाल खूण होती, या दुसऱ्यावर नव्हती.

नुसत्या पैशांवर हे थांबलं नाही. गाडीच्या नोंदणीची मुदत संपलेली होती. फॉर्म 25 भरून गाडी चालत्या स्थितीत दाखवावी लागते, आणि असला धूर सोडणाऱ्या गाडीला पीयूसी मिळत नाही. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 5000 रुपये होतं. माझं इंजिन त्या माणसाकडे आणि मग त्याच्या बहाण्यांत अडकलेलं असताना, ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ते 10,000 झालं. 2021 च्या नियमातली व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांनाच मिळते. सर्वांत जुन्या कॉन्टेसालाही त्यासाठी 2034 पर्यंत थांबावं लागेल, म्हणून तो रस्ताही नाही.

आता चाचांकडे काम कसं चाललंय ते सांगतो, कारण इंजिन देताना असंच द्यायला हवं. देण्याआधी ब्लॉकवरच्या इंजिन नंबरचे फोटो आणि पेन्सिलने घेतलेला छाप. कागदावर इंजिन नंबर, ठरलेलं प्रत्येक काम आणि बोअरचं माप, दोघांच्या सह्या. पिस्टन मी स्वतः आणले, आधी एकच आणून चाचांना दाखवला, त्यांनी मापला, मग बाकीचे. बोअर नेहमी हातातल्या पिस्टनच्या मापाने करतात, हे चाचांनीच समजावलं. सगळे भाग जोडून इंजिन बंद करण्याच्या दिवशी मी समोर हजर. पैसे टप्प्याटप्प्याने, झालेलं काम पाहून, यूपीआयने, आणि सोबतच्या शेरात कशाचे ते लिहून. काढलेले सगळे जुने भाग पोत्यात भरून माझ्या घरी. कारागीर शहरातला असो की तालुक्याचा, या अटी ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडेल त्याच्याकडून इंजिन तिथूनच परत उचला, पिकअपचं भाडं गेलं तरी चालेल. चाचांना आठी पडली नाही. उलट त्यांनीच पोतं आणून दिलं.

तक्रारीबद्दल गावाकडच्या माणसाला हे माहीत असायला हवं. ज्याने फसवलं त्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. मी यवतमाळच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. सोबत यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं, तो सहीचा कागद आणि चाचांनी लिहून दिलेली मापं जोडली. पोलिसांतही फसवणुकीचा लेखी अर्ज दिला आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली. सहीच्या कागदावर कामाचा तपशील नसला तरी व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः "0.50 चे पिस्टन आले भाऊ" असं लिहिलेलं आहे, आणि वकिलांच्या मते सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. म्हणून असल्या माणसाशी फोनवर काही ठरलं तरी लगेच तेच लिहून पाठवा आणि त्याच्याकडून लेखी उत्तर घ्या.

सुनावणी अजून व्हायची आहे. तुमच्यापैकी कुणी जुन्या गाडीचं इंजिन अशाच "कलकत्त्याच्या पार्ट"च्या बोलीवर दिलं असेल आणि घरी आल्यावर निळा धूर सोडत असेल, तर ते दुरुस्त करायला उघडण्याआधी फोटो काढा, उघडताना व्हिडिओ करा आणि पिस्टनच्या माथ्यावर काय कोरलंय ते पाहा. एसटीडी निघालं आणि बिल वाढीव मापाचं असेल, तर ते पिस्टन फेकू नका. आयोगापुढे ठेवायला लागतील.