रनरिगचे चौदा अल्बम: काही महिन्यांच्या सलग श्रवणानंतर

स्कॉटलंडच्या 'रनरिग' या सेल्टिक फोक रॉक बँडचे चौदाही स्टुडिओ अल्बम गेले काही महिने मी ओळीने ऐकत आले आहे, आणि त्यांतले काही तर पुन्हा पुन्हा. एखाददुसरे गाजलेले गाणे ऐकून या बँडविषयी मत बनवू नये, त्याची कारकीर्द क्रमाने ऐकावी, असे मी आग्रहाने सांगेन. कारण गेलिक या स्कॉटलंडमधल्या जुन्या भाषेतली त्यांची गाणी रॉकच्या मोठ्या आवाजात बुजत नाहीत, उलट तिथेच ती भरदार होतात, हे तसे ऐकल्याशिवाय ध्यानात येत नाही.

१९७३ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या स्काय बेटावर रोरी आणि कॅलम मॅक्डॉनल्ड या भावांनी अॅकॉर्डियनवादक ब्लेअर डग्लस यांच्यासह नाचाच्या कार्यक्रमांत वाजवण्यासाठी हा बँड उभा केला, आणि पुढच्याच वर्षी गायक डॉनी मन्रो त्यांना येऊन मिळाले. १९७८ चा 'प्ले गेलिक' संपूर्ण गेलिकमध्ये आहे. त्याचे ध्वनिमुद्रण साधे आणि वाद्यमेळ विरळ असल्यामुळे हेडफोनवर तो जरा फिका वाटतो, म्हणून नव्या श्रोत्याने सुरुवात तिथून करू नये. दुसऱ्या वर्षीच्या 'द हायलँड कनेक्शन'मध्ये माल्कम जोन्स यांची इलेक्ट्रिक गिटार पुढे येते आणि बॅगपाइपच्या अंगाने वाजू लागते. बँडला स्वतःचा आवाज सापडला तो इथे.

मी सर्वाधिक वेळा ऐकला तो १९८५ चा 'हार्टलँड', आणि त्यातही 'डान्स कॉल्ड अमेरिका' हे गाणे. १७७३ मध्ये स्कॉटिश लेखक जेम्स बॉस्वेल यांनी स्काय बेटावर 'अमेरिका' नावाचा नाच पाहिल्याची नोंद केली आहे: आधी एक जोडी गिरक्या घेऊ लागते, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी सगळेच फिरू लागतात, देशांतराची लागण गावभर कशी पसरते, ते त्या नाचात दाखवलेले असे. पुढे जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना हुसकावून लावले आणि माणसांनी भरलेली जहाजे अटलांटिकपलीकडे गेली. एवढे दुःख या गाण्यात असूनही त्याचा ठेका पाय थिरकवणारा ठेवलेला आहे, आणि तो निर्णय मला फार धाडसाचा वाटतो.

१९८७ चा 'द कटर अँड द क्लॅन' हा त्यांचा सर्वांत सलग आणि नेटका अल्बम आहे. त्याच्या शेवटी येणाऱ्या 'अन ऊअल अस आर्जे' या संथ गेलिक गाण्यात मला बेटांवरच्या चर्चमधल्या स्तोत्रगायनाची छटा ऐकू येते, जिथे एकजण ओळ उचलतो आणि बाकीचे आपापल्या वळणाने ती पुढे नेतात. हेच गाणे बिअरच्या एका जाहिरातीत वापरले गेल्यानंतर १९९५ मध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या, म्हणजे सुट्या गाण्यांच्या खपाच्या, यादीत अठराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि कोणतेही स्कॉटिश गेलिक गाणे त्याआधी पहिल्या विसांत आले नव्हते.

नव्वदीच्या सुरुवातीचा काळ लोकप्रियतेचा कळस होता. १९९१ मध्ये लॉक लोमंड या सरोवराच्या काठी बॅलक येथे सुमारे पन्नास हजार लोक त्यांना ऐकायला जमले, आणि १९९३ चा 'अमेझिंग थिंग्ज' ब्रिटनच्या अल्बम यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. तरीही १९८९ च्या 'सर्चलाइट' या अल्बमपासून पुढे कीबोर्डची चकाकी इतकी वाढते की काही चाली तिच्याखाली दबतात, असे अनेकदा ऐकल्यावरही माझे मत कायम आहे. त्याच गाण्यांची मैफलीतली ध्वनिमुद्रणे कितीतरी जिवंत आहेत. नव्या श्रोत्याने १९८८ च्या 'वन्स इन अ लाइफटाइम' या थेट मैफलीच्या अल्बमपासूनच सुरुवात करावी आणि मग बाकीचे क्रमाने ऐकावेत. त्यातले 'लॉक लोमंड' हे पारंपरिक स्कॉटिश गाणे ऐकताना श्रोते आणि बँड असा भेद उरत नाही.

१९९७ मध्ये मन्रो निवडणूक लढवण्यासाठी बँडमधून बाहेर पडले आणि कॅनडातल्या केप ब्रेटनचे ब्रूस गथ्रो गायक म्हणून आले. मन्रोंच्या आवाजाचा भारदस्तपणा त्यांच्यात नाही, पण त्यांचा आवाज मोकळा आणि बोलका आहे. या काळाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी २००१ चा 'द स्टॅम्पिंग ग्राउंड' अवश्य ऐकावा. कल्पना चावला यांच्यासोबत २००३ मध्ये कोलंबिया यानात मृत्यू पावलेल्या अंतराळवीर लॉरेल क्लार्क यांनी याच अल्बमची सीडी बरोबर नेली होती. ती अवशेषांत सापडली आणि पुढे बँडकडे सुपूर्द करण्यात आली. २०१६ च्या 'द स्टोरी' या अखेरच्या अल्बममधले 'समव्हेअर' हे गाणे क्लार्क यांनाच अर्पण केलेले आहे. त्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये स्टर्लिंग येथे दोन संध्याकाळच्या निरोपाच्या मैफली करून बँड थांबला.

एक अडचण मात्र सांगायला हवी. मी ज्या अॅपवर ऐकते त्यावर गेलिक गाण्यांचे शब्द मिळत नाहीत, आणि पुन्हा काढलेल्या आवृत्त्यांवर नवी वर्षे पडल्यामुळे अल्बमांचा क्रम बिघडतो. म्हणून क्रम आधी स्वतः लिहून घ्यावा, आणि किमान 'हार्टलँड' व 'द कटर अँड द क्लॅन' यांच्या सीडी मिळाल्या तर घ्याव्यात.