बोहरी आळीतलं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान: पाचपैकी चार

पुण्यात, कर्वेनगरात मी मुलींचे डबे करते. होस्टेलच्या, पेइंग गेस्ट राहणाऱ्या मुली; परीक्षेच्या दिवसांत डबे वाढतात, मे महिन्यात निम्म्यावर येतात. इतरांच्या घरी मिक्सर दिवसातून एकदा चटणीपुरता फिरत असेल, माझा पहाटे पाचला सुरू होतो. शेंगदाण्याचं कूट, खोबरं, आलं-लसूण, आणि डोशाचा वार असेल तर तांदूळ-उडीद. कुकर तीन, त्यातला एक १० लिटरचा. एवढ्या वापरात वस्तू झिजणारच, आणि दर झिजेला नवीन घ्यायचं म्हटलं तर डब्याचे पैसे मिक्सरवाल्यांनाच नेऊन द्यावे लागतील. त्यामुळे किराणावाला आणि दुरुस्तीवाला हे दोघे मी नीट पारखून घेतले आहेत. यातला दुसरा रविवार पेठेत, बोहरी आळीत बसतो.

दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर ‘मिक्सर, कुकर, इस्त्री, शेगडी’ एवढंच लिहिलंय, आणि त्यातली ‘शेगडी’ निम्मी पुसली गेलीय. हार्डवेअरच्या दुकानांच्या रांगेतून एक बोळ आत जातो, तिथे. गिऱ्हाइकानं पायरीवरच उभं राहायचं, कारण आत काका, त्यांचा भाचा आणि उघडून ठेवलेल्या मोटारी एवढ्यांनाच जागा आहे. डोक्यावर तारेला मापामापाच्या रिंगा टांगलेल्या. कोणती कुठल्या कुकरची हे त्या दोघांनाच ठाऊक.

पूर्वी मी स्कूटरवर जायची, पण मंडईच्या आसपास गाडी लावायला जागा शोधण्यात जीव जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो मंडईपर्यंत आली तेव्हापासून नळ स्टॉपला बसते, सिव्हिल कोर्टला गाडी बदलते आणि मंडईला उतरून चालत जाते. स्टेशनात पिशवी मशीनमधून जाते तेव्हा पडद्यावर कुकर उमटतो, आणि तिथली मुलगी दर वेळी मान वर करून आधी माझ्याकडे बघते. झाकण उघडून दाखवावं लागतं. दाखवते.

आता कामाचं. या दुकानात मी पहिल्यांदा आले ती मिक्सर घेऊन. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं (कोणत्या ते सोडा) सांगितलं होतं की मोटार गेली, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, जुन्याचे ५०० वजा करू. काकांनी खालचे स्क्रू काढले, मोटार उजेडात धरली आणि म्हणाले, “ताई, मोटारीला काय धाड भरलीय? कार्बन संपलेत.” कार्बन म्हणजे कोळशाचे दोन छोटे चौकोनी तुकडे, स्प्रिंगच्या जोरावर ते मोटारीच्या फिरत्या भागाला टेकून राहतात आणि वीज पोचवतात. ते घासून घासून आखूड होतात, मग ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, आणि एक दिवस मिक्सर बंद. दोन्ही एकदम बदलायचे असतात. पार्ट आणि मजुरी मिळून १५० रुपये. तो मिक्सर अजून चालतोय.

पण मी या दुकानाला धरून राहिले ती स्वस्ताईसाठी नाही. स्वस्त माणसं पेठांत अजून सापडतील. काका ज्या कामाला हात लावत नाहीत, ते पाहून माझा विश्वास बसला.

झालं असं, मदतीला येणाऱ्या मुलीनं १० लिटरचा कुकर पाणी न घालता गॅसवर चढवला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, हे बरंच झालं. तो त्यासाठीच असतो. पाणी आटून आतली उष्णता भलतीच वाढली की त्यातला धातूचा ठिपका वितळतो आणि वाफेला वाट मिळते. मी गेले होते ती नवा व्हॉल्व्ह बसवून घ्यायला. काकांनी व्हॉल्व्हकडे पाहिलंच नाही. कुकर उलटा केला, पाठीमागची काच काउंटरवर आडवी टाकली आणि त्यावर कुकर ठेवला. डुलायला लागला. बूड फुगलं होतं. मग झाकण लावून काठाशी बॅटरी धरली तर एका बाजूनं उजेड दिसला.

“हा गेला.”

मी म्हटलं, बूड ठोकून सपाट करता येत नाही का? पलीकडच्या गल्लीत करून देतात म्हणे. “देतात की. मीही देईन ठोकून, ३०० रुपये घेईन, तुम्ही खूश. पण ठोकताना पत्रा कुठं पातळ झाला ते ना तुम्हाला दिसणार, ना मला. आणि शेजारी उभं कोण राहणार, तुम्ही का ती पोरगी?” नवीन कुकर ते विकत नाहीत, म्हणजे त्यात त्यांचा काही फायदा नव्हता. वर ‘घ्याल तो आयएसआयचा घ्या’ म्हणून बजावलं. (घरगुती कुकरला हा शिक्का आता सक्तीचा आहे, तरी रस्त्यावर बिनशिक्क्याचे दिसतात.) जुन्याची शिट्टी आणि हँडल काढून मला परत दिली, दुसऱ्या कुकरला उपयोगी पडतील म्हणून, आणि बुडाला ड्रिलनं पाच-सहा भोकं पाडली. त्याचे पैसे नाहीत. त्यात माझा कढीपत्ता आहे.

व्हॉल्व्हच्या बाबतीत तर ते फारच कडक. एक गृहस्थ माझ्यासमोर व्हॉल्व्हचं भोक डाग देऊन बुजवून घ्यायला आले होते, नवा आणायला नको म्हणून. ६०-७० रुपयांची वस्तू! काकांनी तो कुकर हातातसुद्धा घेतला नाही. शेगडीचं तसंच: बर्नर साफ करतील, कॉकला ग्रीस भरतील, पण रेग्युलेटर आणि नळी म्हटलं की गॅस एजन्सीकडे जा. त्या नारिंगी नळीवर तारीख असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची, हेही मला तिथेच कळलं. पितळी पातेल्याला कल्हई हवी असेल तर कसब्यात तांबट आळीकडे बोट दाखवतात. ज्याचं काम त्यानं करावं, हा त्यांचा खाक्या.

काही कामं आपली आपण करण्यासारखी असतात, तीही ते सांगून टाकतात. एक कॉलेजचा मुलगा मिक्सर छातीशी धरून आला होता, चेहरा पडलेला. रूममेटचा मिक्सर होता वाटतं. काकांनी मिक्सर आडवा केला, बुडाचं लाल बटण दाबलं, प्लग लावला. सुरू. जास्त भार पडला की ते बटण बाहेर येतं आणि मोटार वाचते. थोडा वेळ थंड होऊ द्यायचा आणि दाबायचं, संपलं. पैसे किती विचारल्यावर म्हणाले, “बटण दाबायचे कसले पैसे? भांडं गच्च भरू नका.” त्या मुलाइतकंच मलाही बरं वाटलं. मिक्सर बंद पडला म्हणून रिक्षा करून दुकान गाठणाऱ्या किती जणांनी तो आधी उलटा करून पाहिलेला असतो?

पात्यांना धार येण्यासाठी जाडं मीठ फिरवायचं, ही माझ्या सासूबाईंची युक्ती मी इमानेइतबारे करत असे. काका हसले. मीठ पोलादापेक्षा किती मऊ; त्यानं भांडं साफ होतं, वास जातो, धार नाही येत. सासूबाईंना हे मी सांगितलेलं नाही.

भांड्याच्या बुडाशी, बाहेरच्या बाजूनं, काळपट तेलकट पाणी दिसायला लागलं तर ते पुसून पुढे वापरू नका. आतला बुश, म्हणजे पात्यांचा दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, झिजलेला असतो, आणि जे खाली गळतं ते वर चटणीतही येऊ शकतं. मी दुसऱ्यांसाठी रांधते, म्हणून याबाबत मी चालढकल करत नाही. बुश बदलून घेते, भांड्यामागे १५०-१८० पडतात. कपलर, म्हणजे मोटार आणि भांड्याला जोडणारी ती दात्यांची चकती, तुटला तर चिडू नये. भांड्यात काही अडकलं तर मोटारीच्या आधी तो जावा, अशीच सोय आहे. मी एकदा लोखंडी बसतो का म्हणून विचारलं, तर माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

पंखा मंद फिरतो म्हणून मी सहज बोलले, तर त्यांनी २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे पंख्यातली वीज साठवणारी छोटी डबी, पुढे ठेवला. ५० रुपये. मेन स्विच बंद करायचा, जुना जसा जोडलाय तसा नवा जोडायचा, आणि जुन्याच्या दोन वायरींची उघडी टोकं हातानं धरायची नाहीत, कारण वीज बंद केल्यावरही त्यात थोडी उरलेली असू शकते. स्टुलावर चढून मी बसवला. इलेक्ट्रिशियन नुसता घरी येण्याचे ३०० मागतो.

आता तक्रारी, कारण त्या आहेतच.

‘परवा या’ म्हणतात त्या परवाला काही अर्थ नाही. तो आठवड्यातला कुठलाही दिवस असू शकतो. फोन उचलत नाहीत. पावती नाही, रिंगेच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर नाव आणि रक्कम लिहून देतात, तो हरवला तर भांडी ओळखून दाखवावी लागतात. माझ्या भांड्यांवर मी आता नेलपॉलिशनं खूण करते. डब्यांचा धंदा असणाऱ्यानं दुसरा मिक्सर घरी असल्याशिवाय इथे पहिला टाकू नये. दिवाळीच्या आधी तर जाऊच नका. सगळ्या पुण्याला एकदमच आठवतं की सोऱ्याचा आटा फिरत नाही आणि मिक्सरमधून धूर येतो. गणपतीत रस्ते बंद, तेव्हा तोही काळ सोडा.

शिवाय काका बोलतात फार. काम करताना बोलले तर चालेल, पण ते पान्हा खाली ठेवून बोलतात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, कंपन्यांनी पार्ट आणि वॉरंटीची माहिती तिथे द्यावी म्हणून. मी उत्साहानं त्यांना सांगायला गेले. “त्यात कपलर मिळतो का?” म्हणाले, आणि मग पुढे बराच वेळ, पूर्वी कंपन्या नकाशासकट पार्टची यादी कशी देत, आता मिक्सरचं बूड चिकटवूनच कसं टाकतात, यावर. खरं आहे सगळं. पण माझं कुकरचं झाकण त्यांच्या मांडीवर होतं आणि चार वाजता मला कणीक भिजवायची होती.

वाइंडिंगचं एक सांगायला हवं, कारण फसवणूक तिथेच होते. मोटार खरोखर जळली तर तार नव्यानं गुंडाळावी लागते. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरून तांब्याचे पैसे घेणारे आहेत. वरून दोन्ही सारख्याच तपकिरी दिसतात. काका तारेचं टोक कापून दाखवतात: आत लाल म्हणजे तांबं, पांढरं म्हणजे ॲल्युमिनियम. माझ्या दुसऱ्या, जुन्या मिक्सरला त्यांनी तांब्याच्या वाइंडिंगचे ११०० सांगितले आणि त्याच दमात म्हणाले, करू नका, याचे बेअरिंगही गेलेत, वर्षभरात परत याल. नाही केलं. त्याची भांडी नव्या मिक्सरला बसत नाहीत, म्हणून एकात पळ्या-उलथणी उभी राहतात आणि दुसऱ्यानं पीठ मोजते. मोटारीचा सांगाडा सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंना दिला. त्या असलं सामान वेगळं घेतात.

वॉरंटी चालू असेल तर मात्र इकडे येऊ नका. एकदा दुसऱ्यानं उघडला की कंपनी हात वर करते; काकाही बिलाची तारीख आधी विचारतात आणि वॉरंटी असेल तर परत पाठवतात.

पाचपैकी चार. एक गुण त्या ‘परवा’चा कापलाय.

जाणार असाल तर कुकरची नुसती रिंग नेऊ नका, झाकण न्या. जुनी रिंग ताणलेली किंवा आकसलेली असते, तिच्यावरून माप चुकतं. मिक्सरचं भांडं बिघडलं असलं तरी खालची मोटारही न्या, कपलर जुळवून बघावा लागतो. घरी आल्यावर रिंग झाकणात घट्ट बसवून ठेवू नका; धुऊन, पुसून, मोकळी ठेवा, जास्त टिकते. डाळ-तांदळाला कुकर अर्धाच भरा आणि शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना ते पाहा. दुकान साडेदहाला उघडतं, गुरुवारी बंद. यूपीआय चालतं, पण स्कॅनर भाच्याच्या फोनवर आहे आणि भाचा दुपारी जेवायला जातो, तेव्हा सुट्टे जवळ ठेवा.