घरी बांधलेला टिअरड्रॉप ट्रेलर: १४ महिने, ७,००० मैल

पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शिरलं ते मागच्या झाकणातून. मिशिगनमधल्या ल्युडिंग्टनच्या स्टेट पार्कात, पहाटे तीनला. पायाला गार लागलं म्हणून उठले, टॉर्च मारला, तर गादीचं पायथ्याचं टोक ओलंगच्च. नवरा म्हणाला, "सकाळी बघू." सकाळी बघितलं तेव्हा स्वयंपाकाच्या कप्प्यातली पोह्यांची पिशवीही भिजलेली होती. भिजवायचे कष्ट वाचले, एवढाच फायदा.

टिअरड्रॉप ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पुढून गोल, मागे निमुळता होत गेलेला छोटा ट्रेलर. आत फक्त झोपायचं. मागचं झाकण वर उचललं की उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा. अमेरिकेत हे १९३० च्या दशकापासून आहेत आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी मासिकांत छापून आलेल्या आराखड्यांवरून आपापल्या घरी असे ट्रेलर बांधले. माप बहुतेक वेळा ४ बाय ८ फूट, कारण प्लायचा ताव तेवढाच येतो. आत ४ फूट रुंदी म्हणजे इथल्या साध्या डबल बेडपेक्षाही ६ इंच कमी. भांडून झोपायची सवय असेल तर सोबत तंबू न्या.

मी मिशिगनमध्ये राहते, नोकरी संगणकाची, सुतारकामाचा अनुभव शून्य. पण बाबा आयटीआयमधून सुतारकामाचे निदेशक म्हणून निवृत्त झालेत, आणि त्या उन्हाळ्यात ते सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. तीन महिन्यांत होईल असं वाटलेल्या कामाला नऊ लागले. त्यातले पहिले पाच बाबा समोर होते, उरलेले चार व्हॉट्सअ‍ॅपवर.

अमेरिकेत इंचाचे तुकडे सांगताना माझी अजून गडबड होते. बाबांना काहीच अडचण नव्हती. १/८ इंच म्हणजे एक सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत, हे हिशेब त्यांच्या बोटांवर. दुकानातून पाऊण इंची प्लाय आणला, त्यांनी कडेला चिमटीत धरला आणि म्हणाले, "अगं, हा सहा सूत नाही. पाव सूत कमी भरतोय." मी हसले. नंतर लेबल वाचलं: २३/३२ इंच. म्हणजे अगदी पाव सूतच कमी. इथे पाऊण इंच म्हणून जो प्लाय मिळतो तो बहुधा एवढाच असतो. तोवर मी भिंतीत कप्प्यासाठी पूर्ण सहा सूत खाच पाडून बसले होते. तो कप्पा आजही खडबडीत रस्त्यावर खुळखुळतो.

आता झाकणाकडे येते, कारण या ट्रेलरबद्दल सांगण्यासारखं निम्मं तिथेच आहे. मागची कमान करायला आधी बरगड्या कापल्या आणि त्यांच्यावर एक सूत जाडीचा पातळ प्लाय ओलसर करून, वाकवून, गोंद लावून, पट्ट्यांनी आवळून ठेवला. ट्रेलरच्या भिंतीच साचा म्हणून वापरल्या. दोन दिवसांनी पट्टे सोडले आणि झाकण माझ्या डोळ्यांदेखत उसवल्यासारखं थोडं उघडलं. वाकवलेलं लाकूड सोडलं की जरा सरळ होतंच. बाबा तेव्हा परत गेले होते. फोनवर बघून म्हणाले, "वळणाचं पाणी वळणावर गेलं. खाली किती फट आहे?" डावीकडे तीन सूत, उजवीकडे एक. "नवं कर." मी नवं केलं नाही. जाड रबराची पट्टी लावून फट बुजवली.

ती पट्टी अंगणात नळीनं पाणी मारलं तेव्हा टिकली. रस्त्यावर नाही टिकली. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे धूळ, पाणी, जे काही चाकांनी उडतं ते फटीतून आत ओढलं जातं. अपर पेनिन्सुलातल्या, म्हणजे मिशिगनच्या उत्तर भागातल्या, एका कच्च्या रस्त्यावर १५ मैल गेलो, तर मिसळणाच्या डब्यात लाल मातीचा सातवा मसाला. शेवटी एप्रिलमध्ये झाकण उतरवलं आणि दुसरं केलं. या वेळी बरगड्या मुद्दाम एक इंच जास्त वळवून कापल्या, आणि एकाऐवजी दोन पातळ प्लाय मध्ये गोंद घालून चिकटवले. दोन थर एकमेकांना धरून ठेवतात, वळण फारसं सुटत नाही. हे झाकण बसलं ते एका सुताच्या आत. त्यानंतर आजवर मागून पाणी नाही. बाबांचं पहिल्यांदाच ऐकलं असतं तर दोन शनिवार-रविवार आणि १४० डॉलर वाचले असते.

सांध्यांना सिलिकॉन अजिबात लावू नका. ते वर्षभरात कडेनं सुटतं, आणि जिथे एकदा लागलं तिथे नंतर ना रंग धरतो ना दुसरा चिकट पदार्थ. छत आणि झाकणाच्या बिजागरीखाली ब्युटाइलची (चिकट रबराची) पट्टी दाबून बसवली आहे, ती अजून च्युइंगगमसारखी मऊ आहे.

बाहेरून अ‍ॅल्युमिनियम परवडलं नाही. इकडे हौशी लोक ज्याला 'गरिबाचं फायबरग्लास' म्हणतात ते केलं: पाणी सोसणारा सुतारी गोंद प्लायवर पसरायचा, त्यावर सुती कॅनव्हास ताणून बसवायचा, पुन्हा गोंद, आणि मग घराच्या बाहेरच्या भिंतींचा रंग तीन-चार हात. एक हिवाळा आणि दोन उन्हाळे झाले, कुठे फुगा नाही. फक्त चाकाच्या मागे खडी लागून दोन ठिकाणी टवके गेलेत. तिथे रंगाचा हात मारला की झालं. हा भाग डोळे मिटून पुन्हा करीन.

ट्रेलर ओढायला आमची जुनी होंडा सीआर-व्ही आहे, ओढायची मर्यादा १,५०० पौंड. सगळं सामान भरून ट्रेलर वजनकाट्यावर १,०८० पौंड भरला, म्हणून निर्धास्त होतो. पण आय-७५ महामार्गावर ताशी ६० मैलांच्या वेगाला मागून कुणी शेपूट हलवावी तसा तो डोलायला लागला. पाय ब्रेककडे जाऊ न देता हळूहळू वेग उतरवला, ५० ला शांत झाला. हात बराच वेळ थरथरत होते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे गाडीच्या हुकावर यायला हवा. मी न्हाणीघरातला काटा खाली ठेवून मोजला, तर ७० पौंड. म्हणजे साडेसहा टक्के. बाबांना सांगितलं तर त्यांना टक्के नकोच होते. "गाडी उलाळ झालीय. बैलगाडीत मागे पोती जास्त भरली की हेच." बॅटरी आणि ६ गॅलन पाण्याचा कॅन, दोन्ही मागच्या ओट्याखाली होते. बॅटरी पुढच्या पेटीत नेली, कॅन केबिनच्या पुढच्या कोपऱ्यात. आता १३० पौंड भरतो आणि ट्रेलर मागे आहे हे विसरायला होतं. मॅकिनॅक पुलावरून पाच मैल वाऱ्यात गेलो तरी डुलला नाही. (तिथे बाहेरची लेन धरा. आतली लोखंडी जाळीची आहे, तिची घरघर कानात बसते.)

पण एक दुखणं घालवताना दुसरं आलं. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, १०० अँपियर-अवरची. ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. पुढच्या उघड्या पेटीत ऑक्टोबरच्या शेवटी ती रात्रभर गारठते, आणि सकाळी सोलर पॅनलवर ऊन असलं तरी तिचं सर्किट चार्जिंग घेत नाही. सध्या पेटीला आतून फोम लावलाय. पुरेल की नाही हे या ऑक्टोबरात कळेल. एरवी दिवे, फोन आणि छताचा पंखा यांना ती तीन रात्री आरामात पुरते.

तो पंखा म्हणजे या ट्रेलरमधला सर्वात शहाणा खर्च. छताला १४ बाय १४ इंचांचं भोक पाडताना जीव वर आला होता. सुपीरियर सरोवराच्या काठी एका रात्री थंडी म्हणून सगळं घट्ट बंद करून झोपलो. सकाळी छतावरून थेंब गळत होते आणि गादी खालून ओली. मी पुन्हा झाकणाला शिव्या घातल्या, पण ते पाणी आमचंच होतं. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ निघते, ती थंड छताला चिकटते. तेव्हापासून कितीही थंडी असली तरी पंख्याचं झाकण दोन बोटं उघडं, खिडकी एक बोट, आणि गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी. गॅसची शेगडी ऊब म्हणून आत पेटवायचा मोह कुणालाही होऊ नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, आणि त्याला वास नसतो. आम्ही त्याचा अलार्म उशाशी लावलाय.

सिंक आणि पाण्याचा पंप यांत दोन रविवार घातले, वापरले चार वेळा. तोटीचा कॅन पुरतो. ओट्याची उंची मात्र माझ्या मापानं ३४ इंच ठेवली हे बरं केलं. पाऊस असला तरी वरच्या झाकणाखाली उभं राहून फोडणी देता येते. वायर ओढण्यासाठी मधल्या भिंतीत पाडलेलं भोक बुजवायचं राहिलं होतं, त्यामुळे एकदा ठेच्याचा ठसका थेट उशीपर्यंत पोचला आणि झोपलेला नवरा खोकत बाहेर आला.

एकूण खर्च ४,१०० डॉलर, दुसऱ्या झाकणासकट. लाकूड त्यातलं पाव हिस्सासुद्धा नाही. नट-बोल्टनं जोडायचा ट्रेलरचा सांगाडा, पंखा आणि बॅटरी यांनीच निम्मे खाल्ले. तयार टिअरड्रॉप इकडे सहज १०,००० च्या पुढे जातो, पण माझ्या नऊ महिन्यांच्या रजा-रविवारांची मजुरी लावली तर मी कुठेच वाचवलेलं नाही.

मागच्या आठवड्यात धुताना डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात रंगाखाली रुपयाएवढा काळा डाग दिसला. नखानं दाबला तर टणक लागतो. बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "टाचणी घुसते का बघ." अजून बघितलेलं नाही.