घरी स्प्रे कॅनने रंगवली स्प्लेंडर, कॅन कसे निघाले ते सांगतो

जुन्या स्प्लेंडरच्या टाकीचा रंग पार उडाला होता, पेंटरनं साडेचार हजार सांगितले म्हणून सीताबर्डी मार्केटातून ४०० मिलीचे कॅन आणले, २ प्रायमर २ काळे १ क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), पॉलिश पेपर धरून १६०० च्या आत झालं सगळं. रंग काळाच ठेवला कारण बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते.

काळा तर मस्तच आहे बाप्पा, एकसारखा बसतो, फक्त वीतभर अंतरावरून पातळ हात मारा अन् मध्ये १०-१५ मिनिटं थांबा, घाई केली की ओघळ आलाच. नागपूरच्या उन्हात दुपारी मारला तर रंग हवेतच वाळून खरबरीत बसतो, मी सकाळी ६ ला गच्चीवर मारला.

पण क्लिअरनं निराश केलं. पेट्रोल भरताना थेंब सांडला अन् तिथं चिकट डाग! साधा क्लिअर पेट्रोलपुढं टिकत नाही, टाकीसाठी हार्डनरवाला (थर कडक करणारं रसायन मिसळायचा) टूके क्लिअरच घ्या, महाग आहे पण इलाज नाही, अन् त्याची वाफ घातक असते, कापडी मास्क चालत नाही, वाफ अडवणारा फिल्टरवालाच लागतो. साइड पॅनलला मात्र हे कॅन बिनधास्त घ्या.