साड्या उत्तम, पण मला आवडली ती गादीवरची माणसे

मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी आम्ही सात जण लक्ष्मी रस्त्यावरील या दुकानात साडेतीन तास बसलो होतो. मालाविषयी तक्रार नाही: येवल्याची हातमागाची पैठणी मनासारखी मिळाली, तिला सिल्क मार्कचे लेबल होते, इरकलीत मात्र रंग मोजकेच होते. पण औषध कंपनीत पंचवीस वर्षे विक्री प्रतिनिधी आणि पुढे एरिया मॅनेजर म्हणून काढलेली असल्याने माझे लक्ष साड्यांपेक्षा त्या दाखवणाऱ्यांकडेच अधिक होते.

आमच्या शेजारी बसलेल्या मंडळींनी पन्नासएक साड्यांच्या घड्या मोडायला लावल्या आणि "जरा फिरून येतो" म्हणून ती उठली. विक्रेत्याचा चेहरा पडला. तेवढ्यात व्यवस्थापक गल्ल्यावरून उठून आले, चपला काढून गादीवर बसले आणि त्याच्याबरोबर घड्या घालू लागले. "त्यांना नेमकं काय हवं होतं?" एवढेच त्यांनी विचारले. "मोरपंखी, पण काठ बारीक," असे उत्तर मिळताच त्यांनी ते खिशातल्या डायरीत टिपले. पाच मिनिटांत तोच विक्रेता पुढच्या गिऱ्हाइकासमोर हसतमुखाने पदर उलगडत होता. आमच्या कंपनीत सोमवारच्या बैठकीत ऑर्डर हुकलेल्या माणसाला सर्वांदेखत उभे करून जाब विचारला जाई, आणि खोटे कशाला सांगू, तो विचारणाऱ्यांत मीही होतो.

आदल्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो. तिथे आमचे गिऱ्हाईक कोणाचे यावरून दोन विक्रेत्यांत आमच्यासमोरच कुरबूर झाली आणि नको म्हटले तरी एकाच ढिगातल्या साड्या पुन्हा पुन्हा पुढे येत राहिल्या. पडून राहिलेल्या मालावर नगामागे वेगळे पैसे मिळतात, हे नंतर कळले. या दुकानात महिन्याचे कमिशन संपूर्ण काउंटरच्या विक्रीवर ठरते आणि सर्वांत वाटले जाते, असे व्यवस्थापकांनी सांगितले. त्यामुळेच असेल, आमचा विक्रेता शालू दाखवताना अडला तेव्हा शेजारचा ज्येष्ठ विक्रेता आपणहून उठून आला. अशा पद्धतीत एखादा कामचुकारही पोसला जातो, हे मी अनुभवाने जाणतो. तरीही गिऱ्हाईक म्हणून मला हीच बरी वाटते.

वरच्या मजल्यावर ड्रेस मटेरियलच्या काउंटरमागे प्रत्येकासाठी स्टूल आहे आणि गिऱ्हाईक नसताना मुली त्यावर निःसंकोच बसतात. दुकानातील कामगारांना बसण्याची सोय देण्याची तरतूद केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात केली, ती दिवसभर उभे राहून पाय सुजणाऱ्या याच वर्गासाठी.

एक तारा मी कापला आहे तो फॉल-पिकोच्या काउंटरसाठी. सर्व मजल्यांवरच्या साड्या शेवटी तिथेच येतात आणि दोनच मुली त्या सांभाळतात. त्यांतली एक पावणेचार वाजता, पावत्या फाडता फाडता, डबा उघडून उभ्यानेच जेवत होती. व्यवस्थापकांची नजर गादीवर जितकी फिरते तितकी या कोपऱ्यात पोहोचत नसावी. निघताना मी त्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी काही न बोलता तीच डायरी काढली. तयार साड्या घेण्यासाठी येत्या शनिवारी जायचे आहे. त्या वेळी त्या मुलीचा डबा किती वाजता उघडतो ते पाहीन.