नागपूरजवळची केळी रोपवाटिका: रोपे उत्तम, वाणाचा सल्ला अपुरा

संत्र्याची जुनी बाग डिंक्या रोगाने गेल्यावर कळमेश्वर तालुक्यातील आमच्या सव्वा एकरात केळी लावायचे ठरले. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावरील एका ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांच्या रोपवाटिकेतून मी गेल्या वर्षी जूनअखेरीस ग्रँड नैन या केळीच्या वाणाची १५०० आणि नेंद्रन या दुसऱ्या वाणाची ३०० रोपे घेतली. आता दोन्ही वाणांची काढणी उरकली असल्यामुळे या रोपवाटिकेबद्दल काही सांगता येईल.

रोपांविषयी प्रथम सांगतो. पिशवीतील रोप फूटभर उंच होते, त्याला पाच-सहा पाने आणि भरपूर पांढरी मुळे होती व शेतात लावल्यावर मर नगण्य झाली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून सुरू केलेल्या प्रमाणन पद्धतीप्रमाणे मातृवृक्षाची विषाणू तपासणी झालेली असल्याची कागदपत्रे त्यांनी मागताच दाखवली. चौथ्या महिन्यात मात्र ग्रँड नैनमध्ये चौदा झाडे बुटकी, दाटीने पाने आलेली निघाली. प्रयोगशाळेत एकाच कोंबापासून फार वेळा वाढवत गेल्यास अशी वेगळी झाडे निघतात, हे जाणकारांना ठाऊक असते. बदली रोपांची मुदत तीस दिवस ठेवणे आणि दोष चौथ्या महिन्यापर्यंत दिसूच नये, हा हिशेब मला पटलेला नाही.

खरी अडचण वाणाच्या निवडीत आहे. मला पिकण्याच्या केळ्यासोबत थोडा माल कच्चा, वेफरसाठी विकायचा होता. तेथील पर्यवेक्षकांचे म्हणणे असे की, "कच्चे केळे ते कच्चे केळे, तुम्ही सगळे ग्रँड नैनच लावा." नागपूरच्या इतवारी बाजारातील ज्या वेफरवाल्याशी माझा व्यवहार आहे, त्यांनी मात्र नेंद्रनच मागितला आणि कारणही नीट सांगितले: ग्रँड नैनच्या कच्च्या गरात पाणी जास्त असल्याने काप तळताना तेल अधिक पितो, तर नेंद्रनचा गर घट्ट व पिष्टमय असल्याने काप कुरकुरीत राहतो. कोकणातील राजेळी केळीही याच गोत्रातली, पण आपल्याकडे तिची रोपे मिळवणेच कठीण. नेंद्रनसाठी मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

हा वाण घेताना घडाचे वजन मात्र विसरू नये. आमच्याकडे ग्रँड नैनचा घड बहुधा २२ ते २४ किलो भरला आणि नऊ-दहा फण्या निघाल्या. नेंद्रनला पाच-सहा फण्या आणि १० ते ११ किलो. म्हणजे दर निदान दुप्पट मिळाला तरच बरोबरी होते, आणि असा दर नागपूरच्या कळमना बाजार समितीतील लिलावापेक्षा ठरलेल्या गिऱ्हाइकाकडूनच मिळण्याची शक्यता अधिक. शिवाय नेंद्रनचा खोडवा (पहिल्या काढणीनंतर त्याच बुंध्यापासून घेतलेले पुढचे पीक) जोमदार येत नाही, त्यामुळे दरवर्षी लागवडीचा खर्च धरावा लागतो. मी ३०० वर थांबलो ते बरे झाले.

रोपवाटिकेचे छापील पत्रक कोणत्याही जिल्ह्याला चालेल असे आहे, पण नागपूरच्या उन्हाला चालत नाही. जूनच्या लागवडीचे घड एप्रिल-मेमध्ये लटकत असतात, पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि वळीव वाऱ्याने उंच नेंद्रन आडवा होतो. बागेच्या पश्चिमेस शेवरीची दाट ओळ, प्रत्येक घडाला वाळल्या पानांचे आवरण आणि नेंद्रनला बांबूचा आधार, एवढे आम्ही केले म्हणून नुकसान थोडक्यात आटोपले. काळ्या भारी जमिनीत पाणी साचू नये म्हणून गादीवाफे (उंच वाफे) करणे आवश्यक आहे, हेही पत्रकात नाही.

पुढील लागवडीसाठी ग्रँड नैन मी येथूनच घेईन, पण बुटक्या झाडांची जबाबदारी सहा महिन्यांपर्यंत राहील असे पावतीवर लिहून घेऊन. नेंद्रनची मागणी तीन महिने आधी नोंदवली आहे, त्याचे उत्तर अजून आलेले नाही.